परतीची तार

"म्हातारा झालाय हो. खरवडायचं विसरला असेल."

बाबा ऑफिसच्या ओट्यावर उभे राहून शेजारच्या वखारवाल्यांना सांगत होते. आवाजात राग नव्हता, कीव होती. मी आत टेबलाशी बसून कागद लावत होते. बाहेर आवारात आमचा जळलेला ट्रक ओढून आणून उभा केला होता. केबिनला काचा उरल्या नव्हत्या, बॉनेट काळं पडून वाकलं होतं, आणि पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून सिद्राममामा खालच्या लोखंडी सांगाड्यावर, चासीवर, हात फिरवत होते. बाबांचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं, कारण त्यांचा हात थांबला. मग त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला आणि तसेच बसून राहिले.

सिद्राममामा ट्रकच्या वायरिंगचे मिस्त्री. अक्कलकोट नाक्यापासून होटगी रोडपर्यंत ज्यांच्याकडे म्हणून ट्रक होते ते सगळे त्यांना बोलावत. साठीचे, बारीक अंगाचे, खाकी अर्धी चड्डी आणि वर पांढरी बंडी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, ते दुपारपर्यंत घामाने पुसून जात. गळ्यात लिंगाची चांदीची डबी असे. बॅटरीजवळ जायच्या आधी ते ती डबी दोऱ्यासकट फिरवून पाठीवर टाकत. तरुणपणी एकदा वाकताना ती दोन टर्मिनलांच्या मध्ये आली होती आणि छातीवर भाजल्याचा एक रुपयाएवढा डाग राहिला होता. कुणी विचारलं तर म्हणत, "द्येवानं सोता शिकवलं."

मीटर त्यांच्याकडे नव्हता. दोन तारा जोडलेला एक बल्ब आणि उजव्या हाताची मागची बाजू, एवढ्यावर त्यांचं काम चाले. ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगायचे आणि लगेच एकेका जोडावर हाताची पाठ टेकवत जायचे. जो जोड गरम लागेल तिथे गडबड. तळहात का नाही लावत, असं मी एकदा विचारलं होतं. मी आपणहून विचारलेल्या फार थोड्या प्रश्नांपैकी तो एक. "तळवा निबर झालाय, अक्का. त्येला काय कळत न्हाय. पाठीला अजून कळतंय."

मला ते अक्का म्हणत, पहिल्या दिवसापासून. मी तेव्हा वीस वर्षांची होते. सिस्टरांच्या शाळेत शिकलेली, बी. एस्सी. होऊन घरी बसलेली. मराठी बोलताना मधेच शब्द सापडायचा नाही, आणि सापडेपर्यंत समोरचा माणूस दुसरीकडे बघायला लागायचा. म्हणून मी बोलायचंच टाळत असे. इंग्रजी पत्रं वाचायला आणि उत्तरं टाइप करायला बाबांनी मला ऑफिसात बसवलं होतं. खिडकीपाशी टेबल होतं. त्या खिडकीतून मी दोन वर्षं आवार बघितलं.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. नबीलाल ड्रायव्हरचा ट्रक सकाळी सुरू होईनासा झाला होता. रात्रीच्या फेऱ्या वाढलेल्या, बाबांनी पुढे दोन जादा दिवे बसवून घेतलेले, आणि जुन्या डायनामोला ते झेपत नव्हतं. रोज सकाळी सहा हमाल ट्रक ढकलायचे. नबीलाल वळसंगचा, थट्टेखोर माणूस. वर बसून तो म्हणायचा, "ढकला, ढकला. ट्रक तुमचा, पगार माझा." हमाल खालून त्याला शिव्या द्यायचे. शेवटी बाबांनी डायनामोच्या जागी बसवायला जास्त करंट देणारा आल्टरनेटर पुण्याहून मागवला. आमच्या भागात तो नवाच होता. लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळून आला. बरोबर चार पानांचा इंग्रजी कागद.

इतर मिस्त्री असले कागद पेट्रोलने हात पुसायला घेत. मामांनी खोक्यातली वस्तू बाहेर काढायलाच नकार दिला. "आदी कागुद काय म्हंतुय ते बगू. वाच, अक्का."

मी खिडकीतून वाचू लागले. ते म्हणाले, "आतून न्हाय. हितं ये." ट्रकच्या पायरीवर बसवून त्यांनी माझ्याकडून ती चार पानं वाचून घेतली. मी अडखळत मराठीत सांगत होते. बॅटरीच्या केबल जाड हव्यात, इंजिनापासून चासीपर्यंत अर्थिंगची वेगळी पट्टी हवी, आणि पट्टी जिथे बसणार तिथला रंग, गंज, ग्रीस सगळं काढून… पुढचा शब्द मला येईना.

"उगडं लोखंड," मामा म्हणाले.

"हो. तेच लिहिलंय."

"बराबर लिवलंय. लिवनारा हातानं काम केल्याला मानूस हाय." मग जरा थांबून, "करंट जातुय कुटं ते समदे बगत्यात. दिवा पेटला, हॉर्न वाजला, झालं. त्यो परत कसा येतुय ते कोन बगत न्हाय. ट्रकात परतीची तार म्हंजे चासीचं मोकळं लोखंडच की. त्येला वाट न्हाय दिली तर त्यो कुटूनबी येतुय, मग जाळत येतुय."

बाबांची इच्छा जुन्याच केबल ठेवाव्यात अशी होती. त्या चालत होत्याच. मामा वाद घालत नसत. त्यांनी बाबांना एकदाच सांगितलं, "मालक, मशीन मोठं आन तार तीच, तर तारंतच भाजंल." बाबांनी केबल मागवली नाही. दुसऱ्या दिवशी मामा वेळेवर आले, आवारातल्या टायरवर बसले, चहा प्याले, संध्याकाळी उठून गेले. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी बाबा ओट्यावरून म्हणाले, "सिद्रामप्पा, टायर गरम करताय का?"

"व्हय मालक. केबल येस्तवर कायतरी गरम ठिवाय पायजे की."

हमाल हसले. बाबाही हसले आणि केबल आली.

पुढचे तीन दिवस त्यांनी काम केलं. एवढं सावकाश काम मी कुणाला करताना पाहिलेलं नाही. जाड केबलच्या टोकांना त्यांनी स्वतः कथलाचे डाग दिले. बॅटरीचे बोल्ट आवळताना कान जवळ नेऊन ऐकत आणि मग कानडीत म्हणत, "साकु, साकु." पुरे झालं. अर्थिंगच्या पट्टीसाठी चासीवर तळहाताएवढी जागा त्यांनी कानशीने आणि मग काचकागदाने घासली. घासून झाल्यावर मला हाक मारली.

"अक्का, बग. कागदावानी झालं का?"

मी वाकून पाहिलं. हिरव्या रंगाच्या मधोमध लोखंड आरशासारखं चकाकत होतं. मी म्हणाले, "हो, मामा." मग त्यांनी पट्टी बसवली, आवळली आणि पाणी लागू नये म्हणून वरून ग्रीस फासलं. नबीलालला वर बसवलं. ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "बा, बा," जसं एखाद्या जनावराला जवळ बोलवावं तसं. नबीलालने सेल्फ मारला. इंजिन एका दमात उठलं. मामांनी सगळ्या जोडांवरून हाताची पाठ फिरवली आणि मग तोच हात माझ्या मनगटाला लावला. गार होता.

त्या वर्षी दसऱ्याआधी बाबांनी ट्रक रंगवायला काढला. आमच्याकडे तशी रीतच होती. खंडेनवमीला पूजा, त्याआधी सगळ्या गाड्या धुऊन, रंगवून, नावं-नक्षी काढून तयार. पेंटर चासीला रंग देत होता. बाबा पाहणी करत फिरत होते. खिडकीपासून ते दहा पावलांवर असतील.

"एवढा नवरदेव सजवला आणि हे मधेच टक्कल कसलं?"

"वायरमननं खरवडलंय मालक. पट्टी हाय तितं."

"गंज धरेल ना. पट्टी सोड, दोन हात मार, वाळलं की आवळून टाक."

पेंटरने ग्रीस पुसलं, पट्टी सोडली, रंग मारला. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात. तिसऱ्या दिवशी त्या सुकलेल्या, गुळगुळीत हिरव्या रंगावर पट्टी ठेवून त्याने बोल्ट घट्ट आवळला. दिसायला ते आधीपेक्षा छान दिसत होतं.

मी हे तिन्ही दिवस बघितलं. रंग काढून उघड्या लोखंडावर पट्टी बसवायची, हे कागदावरचं वाक्य मला पाठ होतं. मी उठून दारापर्यंत गेलेही. ओट्यावर चार-पाच माणसं होती, बाबा त्यांच्याशी बोलत होते. चारचौघांत वडिलांना ट्रकमधलं शिकवायचं, तेही अडखळत, हे मला जमलं नाही. मी परत येऊन बसले. मामांना सांगू, असं ठरवलं.

मामा आले ते पूजेलाच. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. त्यांचे पाने, पक्कड आणि तो बल्बसुद्धा घरी विभूती लावून पाटावर ठेवलेले होते. ते रिकाम्या हातांनी, धुतलेलं धोतर नेसून आले होते. ट्रकला पुढून केळीचे खुंट बांधलेले, बॉनेटवर झेंडूच्या माळा. ते ट्रकच्या पाया पडले. दसऱ्याला पुन्हा आले, तेव्हा मी त्यांना आपट्याचं पान दिलं.

"सोन्यावानी ऱ्हा, अक्का," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

बाबा शेजारीच पेढे वाटत होते. मी मान खाली घातली. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक फेरीवर निघून गेला.

आठ-दहा दिवस ट्रक चालला. बोल्टच्या आट्यांतून थोडाफार करंट परतत असणार. मग एका दुपारी अकलूजच्या रस्त्यावर नबीलाल चहाला थांबला, परत येऊन सेल्फ मारला आणि बॉनेटमधून धूर आला. त्याने बॉनेट उघडलं तर केबिनमधून इंजिनापर्यंत जाणारी आक्सिलेटरची लोखंडी तार लालभडक झालेली आणि तिच्या खालची तेलकट घाण पेटलेली. त्याने बॅटरीची केबल उपसून काढायचा प्रयत्न केला. पाना केबिनमध्ये होता, केबिनमध्ये धूर होता. त्याने हातांनीच ओढलं. पण ते बोल्ट मामांनी कान लावून आवळलेले होते, हाताने सुटण्यासारखे नव्हते. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. बोटं आखडली ती पुन्हा सरळ झाली नाहीत. त्यानंतर त्याने स्टिअरिंग धरलं नाही.

ट्रक आणला त्याच दिवशी मामा आले. कुणी बोलावलं नव्हतं. नबीलालने इस्पितळातून सांगून पाठवलेलं त्यांनी ऐकलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "आक्सिलेटरची तार लाल झाली म्हंजे करंट तितनं परत आला. म्हंजे पट्टीनं काम केलं न्हाय." त्यांचं निदान अचूक होतं, आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्यातून एकच गोष्ट कळली, की पट्टी मामांनी बसवली होती.

चासीवरचा रंग जळून गेला होता. जुना कुठला, नवा कुठला, काही उरलं नव्हतं. पट्टीच्या खाली सगळीकडे होती तशीच काजळी होती. मामा त्या जागेवरून बोट फिरवून बोट बघत होते, पुन्हा फिरवत होते. 'म्हातारा झालाय हो' असं बाबा बोलले ते तेव्हा. वखारवाले गेल्यावर मामा उठले आणि खिडकीपाशी आले.

"अक्का, तू व्हतीस की. कागुद वाचला, मग मी तुला दावलं. मी खरवडलं व्हतं न्हवं?"

बाबा ओट्यावरच होते. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. पेंटरला आपण काय सांगितलं होतं ते त्यांच्या लक्षात होतं की नाही, किंवा त्याचा या जाळाशी काही संबंध आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर नुसती उत्सुकता होती.

"माझं नीट लक्ष नव्हतं, मामा," मी म्हणाले.

शब्द सापडायला त्या वेळी मला अजिबात वेळ लागला नाही. मामांनी मान हलवली. मला दोष दिल्यासारखी नाही. "व्हय, तुझं काय ते काम न्हवं," असं म्हणून ते गेले.

त्यानंतर त्यांनी एक विचित्र प्रकार सुरू केला. आपण पूर्वी केलेल्या गाड्या शोधत ते नाक्यानाक्यावर फिरू लागले. ट्रक दिसला की ड्रायव्हरला म्हणायचे, जरा पट्टी सोडून बघू दे. चांगले आवळलेले जोड सोडायचे, खाली लख्ख लोखंड निघायचं, ते पुन्हा घासायचे, पुन्हा बसवायचे. पुढच्या आठवड्यात तोच ट्रक दिसला की पुन्हा. ड्रायव्हर आधी हसले, मग चिडले. "मामा, परवाच बघितलं की वो," म्हणून एकाने त्यांना हाताला धरून बाजूला केलं, ते मी आमच्या फाटकासमोर पाहिलं. सेल्फ मारल्यावर ते जोडाला हाताची पाठ लावायचे, काढायचे, दुसऱ्या हाताची लावायचे, आणि शेजारच्या माणसाला विचारायचे, "गरम हाय का गार?" ज्या मिस्त्रीला गरम-गार विचारावं लागतं त्याला कोण बोलावणार? वर्षाच्या आत ते नाक्यावर दिसेनासे झाले. आमच्या आवारात एक तरुण मिस्त्री मीटर घेऊन येऊ लागला. तोही चांगलं काम करत असे. मी कधी त्याच्याकडे बघितलं नाही.

नबीलाल आमच्या गोदामावर राखणदार म्हणून बसू लागला. थट्टा तशीच करायचा, हात मात्र मांडीखाली दाबून. त्याच्या तोंडून मामांची खबर कळायची. दोन-तीनदा मी बाळीवेशीला मामांच्या घरी जायला निघाले आणि वाटेतूनच सुईदोरा, पुस्तक, काहीतरी दुसरं घेऊन परत आले.

माझं लग्न ठरलं तेव्हा बाबाच म्हणाले, "सिद्रामप्पांना पत्रिका आपण स्वतः देऊ. आपल्याकडचा जुना माणूस." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. बाबा वाईट नव्हते. ते वाईट असते तर मला कदाचित सोपं गेलं असतं.

मामांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत लोखंडी खाटेवर ते बसले होते. आम्हाला पाहून उठायला गेले, बाबांनी खांद्याला धरून बसवलं. त्यांची सून पाणी घेऊन आली. पाणी देता देताच तिने तक्रार सुरू केली. "बगा की मालक, हेंचं काय चाललंय. खाटंचा रंग काडला, खिडकीच्या गजांचा काडला, आता दाराची कडी धरलीया. दिसभर घासत बसत्यात. पोरांच्या झोपा होईनात."

मी पाहिलं. खाटेचे चारही पाय तळापासून वरपर्यंत घासलेले होते. कुठेही रंगाचा कण नव्हता. दमट हवेने ते पुन्हा तांबूस व्हायला लागले होते, आणि तांबूस झालेलं पुन्हा घासल्याच्या रेघा त्यावर होत्या. खाटेवर काचकागदाचा तुकडा पडला होता, झिजून कापडासारखा मऊ झालेला.

बाबांनी पत्रिका त्यांच्या हातात दिली, अक्षता दिल्या. मामांनी पत्रिका उलटी-सुलटी केली.

"जावई काय करत्यात?"

"इंजिनियर आहेत. पुण्याला कारखान्यात," बाबा म्हणाले.

"मग ब्येस हाय. कागुद वाचनाऱ्याला कागुद वाचनारी." ते माझ्याकडे बघून हसले. पुढचे दोन दात गेले होते. मग हसू ओसरलं आणि ते बाबांना म्हणाले, "मालक, तुमचा ट्रक ग्येला माज्यापायी. नबीलालचं हात ग्येलं. त्यो हितं येतुय, चा पितुय, कप दोनी मनगटात धरून. माज्यानं बगवत न्हाय."

"झालं गेलं ते," बाबा म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "आमच्या मनात काही नाही, सिद्रामप्पा. माणूस आहे, चुकतो."

"व्हय मालक. चुकलं."

ते शब्द त्यांनी असे म्हटले, की ते त्यांनी फार वेळा म्हटलेले असावेत. सून दारात उभी होती. बाबांनी चहाचा कप उचलला. माझ्या तोंडून आधी फक्त एवढंच निघालं, "तुमची चूक नव्हती, मामा."

"समदे तसंच म्हंत्यात, अक्का," ते म्हणाले. "नबीलालबी म्हंतुय, सूनबी म्हंतिया. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून. ऱ्हाऊ दे." आणि त्यांनी काचकागदाचा तो तुकडा उचलून, बघितल्याशिवाय, खाटेच्या कडेला घासायला सुरुवात केली.

बाबा कप बशीत ठेवत होते. निघायची वेळ झाली, असं त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी उठले नाही.

"बरं वाटावं म्हणून सांगत नाही, मामा," मी म्हणाले. "तुम्ही खरवडलं होतं, मला बोलावून दाखवलं होतं. दसऱ्याच्या आधी बाबांनी पट्टी सोडायला लावून तिथं रंग मारून घेतला. तिन्ही दिवस मी खिडकीतून बघत होते आणि बोलले नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मला सगळं आठवत होतं, आणि मी खोटं बोलले."